‘काका, झोपेची एक पट्टी द्या’ : चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधाचं पुढे काय होतं?

मालेगावची ‘कुत्ता गोळी’, छत्रपती संभाजीनगरचं ‘बटन’, ठाणे-भिवंडीकडे सापडणाऱ्या खोकल्याच्या बाटल्या, पुण्यात जिमच्या पोरांकडून जप्त होणारी इंजेक्शनं. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या औषधांची ही नावं पोलिस कारवाईच्या बातम्यांत इतक्यांदा येऊन गेलीत की वाचणारा आता सवयीने पान उलटतो. या बातम्यांनी आपल्या डोक्यात एक चित्रही पक्कं बसवलंय : लाल डोळ्यांचा, कामधंदा नसलेला, खिशात चाकू घेऊन फिरणारा पोरगा.

मी औषधाचं दुकान चालवतो. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या. माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय गोळी मागायला येतो तो मुलगा या चित्रात अजिबात बसत नाही. पाठीवर सॅक, बोटांना हायलायटरचे डाग, बोलणं अदबीचं. “काका, झोपेची एक पट्टी द्या ना. परवा पेपर आहे आणि डोळ्याला डोळा लागत नाहीये.” चिठ्ठी विचारली की मोबाइल पुढे करतो. त्यात रूममेटच्या अर्ध्या फाटलेल्या पट्टीचा फोटो. “त्याला डॉक्टरांनीच दिली होती. हीच हवीय.”

याला नशेखोर म्हटलं तर वाईट वाटेल, आणि वाटायलाच हवं. त्याला झिंग नकोय. कुणाला झोप हवी असते, कुणाला जाग, कुणाला व्हायवाला हात थरथरायला नको असतात, तर कुणाला भरतीच्या मैदानावर दोन सेकंद कमी करायचे असतात. व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर सिगारेट, सुई आणि कवटी असते. त्या पोस्टरचा आपल्याशी काही संबंध आहे, असं या मुलाला वाटत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

गैरवापर कशाला म्हणायचं?

व्याख्या अवघड नाही. डॉक्टरांनी लिहून न देता घेणं, दुसऱ्याला लिहून दिलेलं घेणं, स्वतःला लिहून दिलेलं असलं तरी जास्त किंवा जास्त दिवस घेणं आणि ज्या कारणासाठी दिलं त्यापेक्षा वेगळ्याच कारणासाठी घेणं, हे सगळं गैरवापरात मोडतं. व्यसन ही त्याच्या पुढची अवस्था. गैरवापर करणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही, पण जिवावर बेतायला व्यसनी असावं लागतंच असंही नाही. पहिल्याच रात्री घात होऊ शकतो, तो कसा ते पुढे येईल.

डॉक्टर चिठ्ठी लिहितो तेव्हा चार गोष्टी ठरवतो : कुणाला, किती, किती दिवस आणि सोबत काय घ्यायचं नाही. फोटोतल्या पट्टीवर यातली एकही गोष्ट नसते. अल्प्राझोलामची गोळी पाव मिलिग्रॅमची असते, अर्ध्याची असते आणि एकाचीही असते. दिसायला फरक म्हणावा तर कोपऱ्यातल्या बारीक आकड्याचा. रूममेटचं वजन काय, त्याला दमा आहे का, तो आणखी कोणत्या गोळ्या घेतो, त्याला ही पाच दिवसांसाठी दिली होती की पाच महिन्यांसाठी, यातलं काही फोटोत येत नाही.

पट्टीवरची लाल अक्षरं

घरात गोळ्यांचा डबा असेल तर एकदा पट्ट्या उलटून बघा. साध्या पॅरासिटामॉलवर फारसं काही दिसणार नाही. ॲंटिबायोटिकवर ‘आरएक्स’ दिसेल, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं औषध. काही पट्ट्यांवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असतं. त्यातला ‘एन’ म्हणजे हे औषध अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखालीही येतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल ही सगळी त्यात आली. ‘एक्सआरएक्स’ असेल तर नियम आणखी कडक, आणि त्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. बहुतेक साध्या दुकानांकडे नसतो.

१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच वन’ नावाची यादी लागू झाली. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. यादीतलं औषध विकलं की लिहून देणाऱ्या डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरला चढवायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. काउंटरवर “चिठ्ठी दाखव” म्हटलं की ‘काका खडूस आहेत’ असा चेहरा होतो, त्यामागे हे रजिस्टर असतं. चिठ्ठीशिवाय देणारी दुकानं आहेत का? आहेत. आमच्याच धंद्यातली आहेत, आणि सगळ्यांना माहीत आहेत. पोरं त्यांचा पत्ता एकमेकांना पाठवतात.

दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक, म्हणजे साधारण १ कोटी १८ लाख माणसं, झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय घेत होती. हा आकडा एकट्या विद्यार्थ्यांचा नाही, सगळ्यांचा आहे. तरी ही गल्लीबोळातली चार पोरं नव्हेत, एवढं त्यातून कळतं.

झोपेची गोळी घेऊन केलेला अभ्यास

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही एकाच घराण्यातली औषधं. घराण्याचं नाव बेंझोडायझेपिन. ते इथून पुढे लागणार नाही, मी त्यांना झोपेच्या गोळ्याच म्हणेन. मेंदूत एक नैसर्गिक रसायन पेशींना ‘शांत व्हा’ असा निरोप देत असतं. या गोळ्या त्या निरोपाचा आवाज वाढवतात. घबराट कमी होते, स्नायू सैल पडतात, डोळे मिटतात. अचानक आलेली फिट थांबवायला, पॅनिक अटॅकमध्ये किंवा ऑपरेशनच्या आधी त्यांच्याइतकं उपयोगी औषध क्वचित असेल.

पण ‘शांत व्हा’ हा निरोप आठवणी साठवणाऱ्या भागालाही जातो. गोळी घेतल्यानंतर जे वाचलं, ऐकलं, त्याची नवी आठवण नीट तयारच होत नाही. ऑपरेशनच्या आधी हाच गुण मुद्दाम वापरतात, रुग्णाला तो प्रसंग आठवू नये म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री गोळी घेऊन ‘झोप येईपर्यंत एक रिव्हिजन मारतो’ म्हणणाऱ्या मुलाने तो तास पाण्यात घातला म्हणायचं. झोपही आपली नेहमीची नसते. या गोळ्यांनी खोल झोपेचा भाग कमी होतो, आणि दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं.

दुसरी अडचण सकाळची. नायट्राझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो, क्लोनाझेपामला त्याहूनही जास्त. रात्री अकराला घेतलेली गोळी सकाळी अकराच्या पेपरला तुमच्या सोबत बाकावर बसलेली असते. प्रश्न दोनदा वाचावा लागतो, बेरीज चुकते, आणि पोरगं घरी फोन करून सांगतं, “सगळं येत होतं, पण सुचलंच नाही.” पेपरला गाडी चालवत गेलं असेल तर वेगळीच काळजी.

मेंदू खिडक्या लावून घेतो

आधी एक पुरायची, आता दोन लागतात, असं का होतं? गणपतीत मंडळाचा डीजे थेट घरासमोर लागला की आपण काय करतो? खिडक्या लावतो, पडदे ओढतो, तरी भागलं नाही तर फटीत कापड कोंबतो. मेंदूच्या पेशीही बाहेरून रोज मोठ्या आवाजात निरोप येऊ लागला की तो निरोप घेणाऱ्या खिडक्या एकेक करून लावून घेतात. म्हणून तोच परिणाम साधायला डोस वाढवावा लागतो. याला सहनशीलता म्हणतात. काही आठवडे रोज गोळी घेतली तरी ती सुरू होते.

खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, डीजे गेल्यावर. खिडक्या अजून बंदच असतात. आता शरीराचा स्वतःचा ‘शांत व्हा’ हा हळू आवाजातला निरोप आत पोहोचतच नाही. मग आधीपेक्षा वाईट निद्रानाश, छातीत धडधड, हातांना कंप, घाम, भीती. मुलाला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय माझं होतच नाही, म्हणजे मला तिची गरज आहे.’ खरं तर ही गोळीनेच तयार केलेली गरज असते. आणि बरेच दिवस रोज घेतलेली झोपेची गोळी एका झटक्यात बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा घातला, तो याच अवलंबनाबद्दल.

म्हणून आई-वडिलांना एक कळकळीची विनंती. मुलाच्या कपाटात पट्ट्या सापडल्या की त्या संडासात टाकून “आजपासून बंद” म्हणायचा मोह आवरा. किती दिवसांपासून आणि किती घेतोय ते शांतपणे विचारा आणि डॉक्टरकडे न्या. डोस आठवड्या-आठवड्याने उतरवत आणावा लागतो. यात धाडसाला जागा नाही.

खोकल्याची बाटली आणि दुखण्याची गोळी

आधी एक गल्लत दूर करू. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. तो विषारी भेसळीचा प्रकार होता. इथे बोलतोय ते कोडीनच्या बाटलीबद्दल. त्यात भेसळ नसते. बाटलीत लिहिलेलं असतं तेच असतं, आणि तेच धोक्याचं आहे.

कोडीन अफूच्या कुळातलं. यकृतात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये, म्हणजे जहाल वेदनाशामकात बदलतो. किती बदलेल हे ज्याच्या-त्याच्या जनुकांवर असतं. काहींच्या शरीरात हे काम फार वेगाने होतं, आणि आपण त्यातले आहोत हे आधी कळायची सोय सामान्य माणसाकडे नसते. एकाच बाटलीतून दोघे प्यायले, एक नुसता पेंगला आणि दुसऱ्याचा श्वास मंदावला, याचं कारण बहुतेकदा हेच.

आता बाटलीचा हिशोब करू. जुन्या प्रकारच्या बाटल्यांवर दर ५ मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असं लिहिलेलं असायचं. दुसरं नाव ॲलर्जीच्या गोळीचं, त्यानेही गुंगी येते. चमचा ५ मिलिलिटरचा, बाटली १०० ची. म्हणजे पूर्ण बाटली पिणारा एका बैठकीत २० चमचे घेतो. कोडीनकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण त्यासोबत ॲलर्जीच्या औषधाचे २० डोसही पोटात जातात : हृदयाचे ठोके वाढणं, लघवी अडकणं, भ्रम होणं हे त्याचं देणं.

ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्याही त्याच कुळाच्या. २०१८ साली ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आलं. या गोळीची खोड अशी की ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही त्यालाही ती येऊ शकते, आणि नैराश्याची काही औषधं चालू असतील तर ही शक्यता वाढते. बऱ्याच पट्ट्यांत ट्रामाडॉलसोबत पॅरासिटामॉलही असतं, गोळीमागे ३२५ मिलिग्रॅम. धडधाकट माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. गोळ्या वाढवत नेणारा मुलगा ‘मला काही होत नाही’ म्हणत असतो आणि तिकडे यकृत जळत असतं. त्याची लक्षणं एक-दोन दिवस उशिरा दिसतात, हे आणखी वाईट.

या सगळ्यांत माणूस मरतो तो बहुतेकदा श्वास थांबून. झोपेतही आपण श्वास घेतो, कारण मेंदूच्या तळाशी एक केंद्र त्याची आठवण ठेवून असतं. अफूच्या कुळातली औषधं त्या केंद्राला सुस्त करतात. झोपेच्या गोळ्या आणि दारूही तेच करतात. एकटी झोपेची गोळी निरोगी तरुणाचा जीव सहसा घेत नाही. पण त्यावर कोडीन किंवा दारू पडली की हिशोब बदलतो. अमेरिकेत २०१६ साली अफूच्या कुळातली औषधं आणि झोपेच्या गोळ्या यांच्या एकत्र वापरावर कडक इशारा छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे पार्टीत कुणी काय घेतलंय ते कुणीच विचारत नाही.

खिडक्यांचा मुद्दा इथे परत लागू होतो, दोन अंगांनी. मजा देणाऱ्या खिडक्या लवकर बंद होतात, श्वासाच्या केंद्राच्या तितक्या लवकर होत नाहीत. म्हणून पूर्वीची मजा गाठायला डोस वाढवत जाणारा मुलगा दर पावलागणिक कड्याच्या जवळ सरकत असतो. आणि महिना-दोन महिने सगळं बंद ठेवलं की खिडक्या पुन्हा उघडतात. सुट्टीत घरी राहून चांगला सावरलेला मुलगा हॉस्टेलवर परतून जुनाच डोस घेतो, तेव्हा ते त्याच्या शरीराला एकदम नव्याने दिलेलं विष असतं.

‘हुशारीची गोळी’ खरंच हुशार करते का?

मेथिलफेनिडेट हे अवधान टिकत नसलेल्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुला-माणसांसाठीचं औषध. मोडाफिनिल हे दिवसा आवरत नाही अशी झोप येणाऱ्या आजाराचं. पहिलं ‘एक्सआरएक्स’ वर्गातलं. दोन्ही ऑनलाइन ग्रुपांतून ‘फोकसची गोळी’ म्हणून फिरतात.

मेलबर्नमध्ये झालेलं एक संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झालं. १८ ते ३५ वर्षांच्या ४० निरोगी माणसांना कधी ही औषधं, कधी नुसती साखरेसारखी निरुपयोगी गोळी देऊन कोडी सोडवायला बसवलं. कोडं असं : पिशवीत इतकंच वजन मावतं, वस्तूंची वजनं आणि किमती अशा, तर सर्वांत जास्त किमतीचा माल कसा भराल? औषध घेतलेल्यांनी वेळ जास्त घालवला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, म्हणजे मेहनत वाढली. पण चाली दिशाहीन झाल्या आणि उत्तरांचा दर्जा घसरला. जे एरवी सरस होते त्यांचं जास्त नुकसान झालं.

अभ्यासिकेतल्या मुलाला हे पटवणं अवघड जातं. कारण गोळी घेतल्यावर ‘काय अभ्यास झालाय!’ असं त्याला मनापासून वाटतं. सहा तास खुर्ची न सोडल्याचा आनंद खरा असतो. पानं किती लक्षात राहिली ते चार दिवसांनी कळतं. दरम्यान भूक गेलेली, ठोके वाढलेले, झोप उडालेली. मग झोपेसाठी दुसरी गोळी. सकाळी उठायला एक आणि रात्री पडायला एक असा जोडीचा कार्यक्रम सुरू झाला की मुलगा फार लवकर हाताबाहेर जातो. मोडाफिनिलबद्दल मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो. आणि अंगावर पुरळ दिसलं तर थांबून लगेच डॉक्टर गाठायचा; क्वचित, पण कातडी सोलवटून काढणारी गंभीर ॲलर्जी त्यातून होते.

व्हायवाच्या आधी प्रोप्रानोलॉल, म्हणजे रक्तदाबाचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं औषध, घेणारेही भेटतात. हात थरथरत नाहीत, छाती धडधडत नाही. हे औषध व्यसन लावत नाही, म्हणून निरुपद्रवी समजलं जातं. पण ज्याला दमा आहे त्याच्या श्वासनलिका ते आवळू शकतं. लहानपणी पंप घ्यायचो, आता काही नाही, असं म्हणणाऱ्यांनीही यापासून लांब राहावं.

मैदानावरचं इंजेक्शन

सिझेरियनसारख्या ऑपरेशनमध्ये पाठीत भूल दिली की रक्तदाब घसरतो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ मेफेंटरमाइन देतात, तेही मॉनिटरकडे डोळे लावून. तीच कुपी जिमच्या चेंजिंग रूममध्ये आणि भरतीच्या सरावाला पोचलीय. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, तिथे एकेका सेकंदावर गुण अडलेले. दम लागत नाही, अंगात वारं भरल्यासारखं होतं, असं पोरं सांगतात. होतं ते असं : रक्तदाब आणि ठोके आधीच चढलेले, त्यावर धावण्याचा ताण आणि उन्हाळा. ‘थांब’ म्हणणारी थकव्याची घंटा बंद, पण हृदयाचा दम तेवढाच. सतत घेणाऱ्यांत हृदयाचा स्नायू कमकुवत झाल्याच्या, संशयाचे झटके आल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. आणि एकच सुई तिघांत फिरली तर एचआयव्ही आणि कावीळ सी यांची दारंही उघडी.

“एकदाच घेतली तर काय बिघडतं?”

खरं उत्तर : बहुतेक वेळा काहीच नाही. हे लपवून घाबरवण्यात अर्थ नसतो, कारण मुलांनी आजूबाजूला एकदा घेऊन ठणठणीत असलेले दहा जण पाहिलेले असतात. प्रश्न असा की न बिघडणाऱ्या दहांत तुम्ही आहात की अकरावे, हे घेण्याआधी कळत नाही. शिवाय एकदा काम झालं की पुढच्या परीक्षेला तीच गोष्ट आठवते. ‘एकदाच’ची दुसरी खेप ही अशी येते.

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी हे उत्तर बदलतं. अमेरिकेतल्या कॅम्पसवर अभ्यासासाठी ॲडेरॉल सहज पुढे केली जाते. ती ॲम्फेटामिनची गोळी. अडचण अशी की ओळखीतून किंवा ऑनलाइन आलेली गोळी अनेकदा ॲडेरॉल नसतेच. तिथे फेंटानिल, म्हणजे अफूच्या कुळातलंच पण फार जहाल औषध, मिसळलेल्या हुबेहूब बनावट गोळ्यांचा सुळसुळाट झालाय. २०२२ साली तिथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने तपासलेल्या अशा फेंटानिलच्या बनावट गोळ्यांत १० पैकी ६ गोळ्यांमध्ये जीव घेईल एवढं प्रमाण होतं. तिथे ‘एकदाच’ला काहीच अर्थ उरत नाही. त्याशिवाय व्हिसावर असताना असा गुन्हा अंगाला चिकटला तर पदवीही हातची जाऊ शकते.

“मग सरकार बंदीच का घालत नाही?”

घालून पाहिलीय. २०१६ साली ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात कोडीनची सिरप होती. प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये १४ मिश्रणांवर पुन्हा बंदी, त्यातही कोडीन होतंच, आणि पुन्हा कोर्टाच्या फेऱ्या.

पण सरसकट बंदीला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्याकडे फार महागात पडलीय. १९८५ चा एनडीपीएस कायदा आल्यावर परवान्यांची कटकट इतकी वाढली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं वर्षानुवर्षं कण्हत गेली. २०१४ साली कायदा दुरुस्त करून वाट सोपी करावी लागली. उद्या अल्प्राझोलाम बंद केलं तर पॅनिकचा रुग्ण कुठे जाणार? माझं मत विचाराल तर नवी बंदी नको. आहे ते रजिस्टर कुणीतरी नियमित उघडून बघावं. वस्तीतल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल एकाच दुकानात जात असेल तर घाऊक विक्रेत्याच्या बिलांत ते ढळढळीत दिसतं.

“डॉक्टरकडे गेलो तर घरी कळेल, पोलिस येतील”

ही भीती इतर सगळ्या भीतींपेक्षा जास्त नुकसान करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक केलंय. एनडीपीएस कायद्यातलं ६४ अ हे कलम तर फारसं कुणाला माहीतच नसतं : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मित्राला गोळ्या ‘पुरवणाऱ्याला’ मात्र हे गृहीत धरता येत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून गुन्हा नाही, असा समज असेल तर तो काढून टाकावा.

झोप येत नाही, चिंता वाटते, लक्ष लागत नाही ही खरी दुखणी आहेत, त्यांना खरे उपचार आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत नाममात्र शुल्कात दाखवता येतं. टेली मानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, व्यसनाबद्दलची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. लक्ष लागत नसेल तर तपासणीत एडीएचडी निघू शकतं, आणि मग तीच गोळी रीतसर, मापात, देखरेखीखाली मिळते.

मित्र उठत नाहीये

हॉस्टेलवर सर्वांत घातक वाक्य कुठलं असेल तर “झोपलाय, झोपू दे.” जोराने हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने रगडूनही जाग येत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, घशातून घरघर किंवा कधी न घोरणाऱ्याचं विचित्र घोरणं ऐकू येत असेल, तर ती झोप नव्हे. १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. लिंबू, ताक, मिठाचं पाणी, काळी कॉफी यातलं काही पाजू नका. गिळायची शुद्ध नसते, ते फुप्फुसात जातं. गार पाण्याखाली धरू नका. श्वास थांबला असेल तर १०८ वरचा माणूस छाती दाबायला सांगेल, तसं करत राहा. सापडतील त्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत भरून सोबत न्या.

दवाखान्यात पोलिस केसची नोंद होऊ शकते. पण नोंदीसाठी उपचार अडवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट केलंय. डॉक्टरला खरं सांगा, दारू होती तर तेही. अफूच्या कुळातलं औषध असेल तर नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात आणि काही मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. झोपेच्या गोळीवर ते चालत नाही, म्हणून काय घेतलंय ते कळणं महत्त्वाचं. शुद्धीवर आलेला मित्र “मी बरा आहे, चला” म्हणून उठायला बघेल. त्याचं ऐकू नका. नॅलोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ काम करते, आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. डॉक्टर सोडेपर्यंत कुणीतरी एकाने त्याच्याजवळ बसायचं.